यार्डातला खेकडा

मोठ्या रेल्वे स्टेशनाच्या यार्डात एक इंजिन असे असते, की जे कोणत्याच गावाला जात नाही. चार डबे पुढे ढकलायचे, दोन मागे ओढायचे, एक सोडून द्यायचा, दुसरा जोडायचा आणि पुन्हा जागेवर येऊन उभे राहायचे, एवढेच त्याचे काम. या कामाला शंटिंग म्हणतात. मेलचे इंजिन म्हणजे बाजाराच्या गावापर्यंत गाडी ओढणारी बैलजोडी. शंटिंगचे इंजिन म्हणजे खळ्यावर तिवड्याभोवती फिरणारा बैल. तो खळे सोडून कोठे जात नाही. पण त्याच्या फिरण्याशिवाय धान्य मोकळे होत नाही आणि गाडीही भरत नाही.

अशा इंजिनांची कोणी फारशी आठवण ठेवत नाही. मेल-एक्स्प्रेसची नावे पोरासोरांना पाठ असतात, यार्डातल्या इंजिनाला नंबरापलीकडे ओळख नसते. तरीही या इंजिनांच्या वीतभर लांबीच्या हुबेहूब प्रतिकृती करणारे आणि जमवणारे छंदिष्ट जगभर आहेत, आपल्या महाराष्ट्रातही आहेत. दुसऱ्या देशाच्या इंजिनाची प्रतिकृती घ्यायची, तिला कापून, जोडून, रंगवून आपल्याकडचे इंजिन करायचे, असा हा उद्योग. याला वेळ लागतो, हात लागतो आणि डोकेही लागते. या छंदाची हकीकत सांगायची तर तिची सुरुवात मुंबईपासूनच करावी लागते.

मुंबईने पाहिलेले पहिले इंजिन

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, हे आपण शाळेत शिकलो. ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ या तीन इंजिनांनी चौदा डबे ओढले. या रेल्वेच्या उभारणीसाठी ज्यांनी पुढाकार घेतला, त्या एतद्देशीय धुरिणांत गिरगावचे नाना शंकरशेठ अग्रभागी होते. परंतु ही गाडी निघण्यापूर्वी सुमारे एक वर्ष, १८५२ च्या फेब्रुवारीत, भायखळ्याच्या बाजूस एक इंजिन कामाला लागले होते. मुंबईच्या त्या वेळच्या गव्हर्नरच्या नावावरून त्याला ‘फॉकलंड’ म्हणत. ते रेल्वेचा मार्ग बांधणाऱ्या कंत्राटदाराचे इंजिन होते. बांधकामाचे सामान भरलेल्या वाघिणी इकडून तिकडे नेणे हेच त्याचे काम. म्हणजे मुंबईने पाहिलेले पहिले इंजिन प्रवाशांच्या गाडीचे नव्हते, शंटिंगचे होते. घर बांधताना विटा वाहणारे गाढव वास्तुशांतीच्या पंगतीत दिसत नाही, तसेच या ‘फॉकलंड’चे झाले.

पुढे मुंबई वाढली ती कापसावर. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली आणि बघता बघता परळ, लालबाग, भायखळा, दादर हा भाग गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला. खानदेश-वऱ्हाडच्या जिनातून निघालेली कापसाची गाठ वाघिणीतून मुंबईला येई. १९१५ साली गोदीची स्वतःची रेल्वे वडाळ्यापर्यंत सुरू झाली. पुढे शिवडीला कापसाची मोठी वखार वसली, तिच्यावरून त्या स्टेशनाचे नावच कॉटन ग्रीन पडले. जळगाव-अकोल्याहून शेकडो मैल आलेल्या वाघिणीचा शेवटचा मैलभर प्रवास मात्र यार्डातल्या इंजिनाच्या जोरावर होई. कोणती वाघीण गोदीला, कोणती वखारीला, कोणती रिकामी परत, ही निवड त्याने करायची. आपल्या आजोबा-पणजोबांनी वेचलेल्या कापसाला मुंबईत पहिला हात लागला तो याच इंजिनाचा.

१८७९ पासून परळला जी. आय. पी. रेल्वेचा इंजिन दुरुस्तीचा कारखाना होता. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांच्या कित्येक पिढ्या तेथे फिटर, लोहार, साचेवाले म्हणून राबल्या. पुढील काळात याच परळच्या कारखान्यात शंटिंगची डिझेल इंजिनेही बांधली गेली.

खेकडा नाव कसे पडले

मुंबईच्या यार्डातले सर्वांत विलक्षण इंजिन म्हणजे ‘खेकडा’. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेची पहिली गाडी धावली. नंतर घाटातून मालगाड्या ओढण्यासाठी विजेची जबर इंजिने हवी होती. ती १९२८ पासून आली. पहिली काही स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील कारखान्यात बांधलेली, उरलेली इंग्लंडात. एकूण ४१ इंजिने होती. कागदोपत्री त्यांचे नाव आधी ईएफ-१ आणि नंतर डब्ल्यूसीजी-१. पण रेल्वेच्या कामगारांनी त्यांना खेकडा म्हटले.

हे इंजिन सुमारे ६६ फूट लांब. मध्ये ड्रायव्हरची खोली, तिच्या दोन्ही बाजूंना दोन लांबच लांब नाके. अंग एकसंध नसून सांध्यावर वळणारे, त्यामुळे घाटातल्या वळणावर ते अंग मोडून वळे. प्रत्येक बाजूला तीन-तीन आस, त्यांची चाके लोखंडी दांड्यांनी एकमेकांस जोडलेली. चालू लागले की त्या दांड्या खेकड्याच्या नांग्यांसारख्या खालीवर होत आणि उभे असले तरी ते कण्हल्यासारखा आवाज करी. ओढ्याकाठी खेकडे धरलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगायला नको.

तरुणपणी या खेकड्यांनी भोर घाट आणि थळ घाट गाजवले. त्यांच्याहून जोरकस इंजिने आल्यावर त्यांना मुंबईत यार्डाचे काम दिले गेले. उमेदीत नांगराला जुंपलेला बैल वय झाल्यावर घरचा कडबा वाहतो, तसाच हा क्रम. रेल्वेत ही रीत जुनीच आहे. शंटिंगसाठी काही इंजिने मुद्दाम बांधली जात, पण बरीचशी अशी निवृत्तीच्या वाटेवरची असत. एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवला आहे.

आणि यार्डे का ओस पडली? पूर्वी एखादा व्यापारी एकच वाघीण आरक्षित करू शकत असे. एका मालगाडीत कांदा, गूळ, कापूस, सिमेंट असा दहा ठिकाणचा माल असे आणि वाटेतल्या प्रत्येक मोठ्या यार्डात तो निवडावा लागे. १९८० नंतरच्या काळात रेल्वेने एका मालाची संपूर्ण गाडी एका ठिकाणाहून थेट दुसऱ्या ठिकाणी नेण्यावर भर दिला. सुटा माल ट्रककडे गेला. निवडण्यासारखे उरले नाही, तेव्हा निवडणारे इंजिनही उरले नाही. त्यातच १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या जमिनींवर टोलेजंग इमारती आल्या. ज्या इंजिनांची कोणी नावे ठेवली नव्हती, ती भंगारात जाताना त्यांची मापेही फारशी कोणी घेतली नाहीत. छंदिष्टाचे काम येथून सुरू होते.

सत्त्याऐंशीत एक

प्रतिकृती म्हणजे नुसते खेळणे नव्हे. खेळण्यात गाडीसारखे काहीतरी असले की भागते. प्रतिकृतीत प्रत्येक माप ठरलेल्या प्रमाणात लहान केलेले असते. जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण सत्त्याऐंशीत एक हे आहे. खऱ्या इंजिनाची सत्त्याऐंशी इंच लांबी म्हणजे प्रतिकृतीत एक इंच. या हिशेबाने ६६ फुटांचा खेकडा सुमारे नऊ इंचांचा होतो आणि त्याच्याशेजारी हिरवा बावटा घेऊन उभा असलेला साडेपाच फूट उंचीचा सांधेवाला पाऊण इंचाचा.

आपल्याकडची अडचण रुळांपासूनच सुरू होते. युरोप-अमेरिकेत रुळांमधले अंतर बहुतेक ठिकाणी १४३५ मिलिमीटर आहे. त्याला ८७ ने भागले, की साडेसोळा मिलिमीटर येतात. बाजारात मिळणारे छोटे रूळ आणि चाके याच मापाची. आपला मोठा रूळ मात्र साडेपाच फुटी, म्हणजे १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक. तयार चाकांवर आपले इंजिन चढवले, तर ते लहान भावाची विजार घातल्यासारखे दिसते. काही जण तेवढे चालवून घेतात. जे चालवून घेत नाहीत, ते लांब आस करून चाके बाहेर सरकवतात आणि रूळही घरी टाकतात. अंतर पावणेतीन मिलिमीटरचेच असते, पण त्यासाठी कित्येक रविवार जातात.

गंमत अशी, की आपल्या खेड्यापाड्यांतल्या छोट्या रेल्वेला ही अडचण नाही. १८९७ साली सुरू झालेली आणि पुढे पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत गेलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांची होती. विदर्भातली शकुंतला आणि पाचोरा-जामनेर हे मार्गही त्याच मापाचे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ८७, उत्तर पावणेनऊ मिलिमीटर. आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे छोटे रूळ सर्रास मिळतात, कारण त्याहून लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी ते बनवलेलेच असतात. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. ज्या गाडीला लोक गरिबांची गाडी म्हणत, तीच करायला सर्वांत सोपी पडते. नगर-सोलापूरकडील काही साखर कारखान्यांनी उसासाठी घातलेल्या अरुंद रुळांवरची इंजिनेही अशाच रीतीने करता येतात.

दुसऱ्याचे इंजिन आपले कसे करतात

परदेशी कंपन्यांच्या यादीत आपली यार्डातली इंजिने जवळजवळ नसतातच. अलीकडे आपल्या देशातही काही लहान उद्योग भारतीय गाड्यांच्या प्रतिकृती बनवू लागले आहेत. तरी जुन्या काळचे शंटिंगचे इंजिन हवे असेल, तर बहुधा ते हातानेच करावे लागते.

पहिली पायरी म्हणजे चालता सांगाडा शोधणे. मोटर, दाते आणि चाके घरी करणे अवघड, म्हणून ती तयार घ्यायची. खऱ्या इंजिनाला किती आस आहेत, चाकांना बाहेरून दांडी आहे की नाही, पहिल्या आणि शेवटच्या आसात किती अंतर आहे, या तीन गोष्टी जुळणारे परदेशी इंजिन निवडायचे. आपल्याकडे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून चित्तरंजनला बांधलेले डब्ल्यूडीएस-४ हे शंटिंगचे डिझेल इंजिन घ्या. त्याला तीन आस आणि बाहेरून दांड्या. जर्मनीच्या यार्डांतही अशीच तीन आसांची, दांड्यांची इंजिने असतात आणि त्यांच्या प्रतिकृती तेथे पुष्कळ बनतात. तिचा वरचा सांगाडा उतरवला, की खाली आपल्या कामाचा बैल तयार असतो.

दुसरी पायरी वरच्या अंगाची. खऱ्या इंजिनाचे आराखडे किंवा समोरून आणि बाजूने घेतलेले फोटो पाहून कागदावर मापे काढायची आणि पातळ प्लास्टिकचा पत्रा, जाड पुठ्ठा किंवा पितळी पत्रा कापून बॉनेट व कॅब बनवायची. पितळ असेल तर डाख द्यायचा, प्लास्टिक असेल तर चिकटवायचे. हातकठड्यांसाठी बारीक तांब्याची तार. मुंबईत याची कमतरता नाही. पितळ-तांब्यासाठी पायधुणीजवळचा तांबाकाटा, वायरीसाठी लोहार चाळ, लहान मोटरी व इलेक्ट्रॉनिक भागांसाठी गिरगावाच्या शेजारचा लॅमिंग्टन रोड. सगळे चालत्या अंतरावर.

एकाच आकाराचे अनेक भाग लागतात, तेव्हा साचा करावा लागतो. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत जी रीत आहे, तीच येथे. एक मूर्ती नीट घडवायची, तिचा साचा घ्यायचा आणि मग साच्यातून हव्या तेवढ्या काढायच्या. फरक इतकाच, की मूर्तीसाठी शाडू किंवा प्लास्टर असते आणि येथे रबरी साच्यात राळेसारखे घट्ट होणारे रसायन ओततात. बफर, दिवे, पेट्या असे नखाएवढे भाग असे निघतात.

तिसरी पायरी शेतकऱ्याला सर्वांत लवकर कळेल. शंटिंगच्या इंजिनाला वेग नको, ओढ हवी. तयार प्रतिकृतीची मोटर फार जोरात फिरते आणि यार्डातले इंजिन सशासारखे पळू लागते. त्यासाठी दात्यांचे प्रमाण बदलावे लागते. मोटरीचे जास्त फेरे आणि चाकाचा एक फेरा. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये टाकला की जे होते तेच. तरीही चाके जागीच घसरतात, कारण इंजिन हलके. आपण ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरतो ते कशासाठी? पकड यावी म्हणून. तसेच येथे बॉनेटच्या आत शिशाचे तुकडे बसवतात. वजन दोन्ही बाजूंना सारखे पडले पाहिजे, नाहीतर इंजिन नाक वर करते.

चौथी अडचण विजेची. छोट्या इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. एका रुळातून येते आणि दुसऱ्यातून जाते. म्हणून एका बाजूची चाके आसापासून विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवावी लागतात, नाहीतर दोन्ही टोके एकमेकांस भिडून वीज तेथेच संपते. लांब इंजिनाची चाके अधिक. दोन चाकांखाली धूळ आली तरी उरलेली वीज घेतात. शंटिंगच्या इंजिनाला चार-सहाच चाके. सांध्यावर एक वीज नसलेला तुकडा येतो, तेथे ते हटकून अडते. उपाय म्हणजे रूळ पुसून स्वच्छ ठेवणे, प्रत्येक चाकाला वीज घेणारी पितळी पट्टी लावणे आणि हल्ली मिळणारा, क्षणभर वीज साठवणारा छोटा भाग आत बसवणे.

शेवटी रंग. डिझेल शंटिंग इंजिनांच्या तोंडावर पिवळे-काळे पट्टे पुष्कळदा असतात. हौस म्हणून नव्हे, तर रुळांमध्ये काम करणाऱ्या माणसाला ते दुरून दिसावे म्हणून. त्यावर तेलाचे ओघळ, पायरीवरचा झिजलेला रंग आणि चाकांवरची तांबूस धूळ दाखवली, म्हणजे इंजिन कामाचे दिसते.

ट्रॅक्टरचाच विषय निघाला म्हणून आणखी एक. काही कारखान्यांत रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे चालणारी वाहने डबे ओढतात. त्यांना रबरी चाकांबरोबर खाली-वर होणारी लोखंडी चाके असतात. अशा वाहनांच्या प्रतिकृती परदेशांत आवडीने जमवल्या जातात. योग्य प्रमाणातला खेळण्यातला ट्रॅक्टर आणि जुन्या डब्याची चाके एवढ्यावर ते वाहन करता येते. नवशिक्याने खरे तर येथूनच आरंभ करावा.

खेकड्याचा स्विस भाऊ

खेकड्याची गोष्ट मात्र मौजेची आहे. तो जेथे जन्मला, त्याच विंटरथूरच्या कारखान्याने स्वित्झर्लंडच्या आल्प्स घाटासाठी तशाच लांब नाकांची इंजिने बांधली होती. तेथील लोक त्यांना मगर म्हणतात. जर्मनीतील गॉपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीने या मगरीची प्रतिकृती काढली आणि ती जगातल्या सर्वांत प्रसिद्ध रेल्वे प्रतिकृतींपैकी एक ठरली. म्हणजे स्वित्झर्लंडची मगर हा आपल्या खेकड्याचा सख्खा भाऊ.

मग मगरीचा खेकडा करता येईल का? येतो, पण सोपे नाही. मगरीच्या दोन्ही टोकांना वाट दाखवणारी एकेक लहान चाकांची जोडी असते, खेकड्याला ती नाही. ती काढून नाके त्याप्रमाणे बेतावी लागतात. मधली खोली नव्याने करावी लागते. छपरावरचे, तारेतून वीज घेणारे हात बदलावे लागतात. मेर्कलिनच्या गाड्यांची विजेची रीतही निराळी. रुळांच्या मधल्या बिंदूंतून वीज घेणारी. ती दोन रुळांच्या रीतीत आणायची तर चाके बदलावी लागतात. आणि सांध्यावर वळणारे अंग तसेच वळते राहिले पाहिजे, नाहीतर खेकडा कसला!

येथे एक प्रश्न उभा राहतो. मगरीच्या जुन्या प्रतिकृतीला संग्राहक मोठी किंमत देतात. ती कापायची का? जाणते सांगतात, की पेटीसकट, धड असलेली जुनी वस्तू कधीही कापू नये. कापायची ती रंग उडालेली, कोपरा फुटलेली, कोणी घेत नाही अशी. धड वस्तू संग्रहाला, मोडकी वस्तू कामाला. घरच्या बियाण्याचे धान्य दळून खाऊ नये, तसाच हा नियम.

जमवणाऱ्यांनी काय पाहावे

मुंबईत जुनी खेळणी आणि जुनी यंत्रे शोधणाऱ्याचे पाय भेंडीबाजाराच्या चोरबाजाराकडे वळतातच. तेथे जुन्या विलायती पत्र्याच्या गाड्या अधूनमधून येतात. इंग्लंडच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये अशा गाड्या काढल्या आणि त्या मुलांच्या हाती जगभर गेल्या. वस्तू घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पत्र्याच्या घडीत गंज आहे का? समुद्राकाठच्या दमट हवेत तो आतून पसरतो. रंग मूळचा आहे की वरून मारलेला? आणि ओतीव भागांवर केसासारख्या भेगा आहेत का? दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही ओतीव भागांतील जस्तात शिसे मिसळले गेले होते. असे भाग वर्षानुवर्षे फुगतात, तडकतात आणि शेवटी भुगा होतात. लाकडाला भुंगा लागतो तसाच हा धातूचा रोग. त्यावर औषध नाही.

संग्रहाची किंमत मात्र वस्तूंच्या संख्येवर नसते. प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी हवी. हे कोणते इंजिन, खरे इंजिन कोणत्या यार्डात होते, प्रतिकृतीत काय बदलले, कोणत्या फोटोवरून केले. ही वही नसेल तर दोन पिढ्यांनी तो संग्रह पत्र्याचा ढीग होतो.

काड्यापेट्यांचे यार्ड

या छंदाला पैसे लागतात, हे खरे. पण शंटिंगची खरी मौज पैशात नाही, डोक्यात आहे आणि ती काड्यापेट्यांवरही मिळते. इंग्लंडमधील ॲलन राइट यांनी रचलेला एक खेळ सगळ्या जगातले रेल्वे छंदिष्ट खेळतात. तो घरातल्या मुलांना असा शिकवता येईल.

जमिनीवर खडूने एक रेघ काढा; ही इंजिनाची जागा. तिच्यात इंजिन आणि तीन डबे एवढेच मावतील. या रेघेला पुढे तीन फाटे फोडा. एकात पाच डबे मावावेत, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. आठ रिकाम्या काड्यापेट्या घ्या आणि त्यांवर ज्वारी, कापूस, कांदा, गूळ, भुईमूग, खत, सिमेंट, रॉकेल अशी नावे लिहा. पाच पेट्या लांब फाट्यात, तीन एका आखूड फाट्यात ठेवा. इंजिन म्हणून थोडी मोठी डबी घ्या. आता आठ चिठ्ठ्यांतून पाच उचला. ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या, त्याच क्रमाने ते पाच डबे लांब फाट्यात लागले पाहिजेत. पेटी उचलायची नाही, एकीवरून दुसरी न्यायची नाही. फक्त इंजिनाने ढकलायचे किंवा ओढायचे. एका वेळी तीनपेक्षा जास्त डबे फाट्यांबाहेर निघत नाहीत, हीच खरी मेख.

आठांतून पाच डबे ६७२० निरनिराळ्या क्रमांनी लागू शकतात. तेव्हा हा खेळ दिवाळीच्या सुट्टीत संपणारा नाही. पहिल्या दिवशी मुले चिडतील. तिसऱ्या दिवशी त्यांना कळेल, की घाईने पहिला डबा लावला तर तोच पुन्हा काढावा लागतो. यार्डातला शंटिंग जमादार हेच कोडे दिवसातून कितीतरी वेळा, अंधारात, पावसात, हातात कंदील घेऊन सोडवीत असे. आणि त्याच्या डब्यांत काड्या नसत, वीस-वीस टन माल असे.

किल्ल्यापासून यार्डापर्यंत

प्रतिकृती करण्याची कला आपल्याला परकी नाही. दिवाळीत दगड-मातीचा किल्ला करून त्यावर अळीव पेरणारी आणि मावळे मांडणारी मुले, पोळ्याला मातीचे बैल करणारे हात, हे सारे याच वाटेवरचे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी छंदातून उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. एका दालनात मांडलेले छोटे शहर, त्यातून धावणाऱ्या गाड्या, सिग्नल, दिवे, असे ते दृश्य आहे. शाळेची सहल पुण्याला गेली तर मुलांना ते अवश्य दाखवावे.

शेवटी एक सुचवावेसे वाटते. खेड्यांतील कितीतरी घरांत असा एखादा म्हातारा आहे, जो परळच्या कारखान्यात, वडाळ्याच्या यार्डात किंवा गोदीच्या रेल्वेत नोकरी करून गावी परतला. त्याच्याशेजारी वही घेऊन बसा. इंजिनाचा नंबर काय, रंग कोणता, पायरी किती उंच, बावटा कसा दाखवत, शिटी किती वेळा देत, डबे जोडताना हात कोठे ठेवायचा आणि कोठे नाही, हे सारे त्याच्या शब्दांत लिहून घ्या. सरकारी आराखड्यात इंजिनाची लांबी-रुंदी सापडते, पण काम करणाऱ्याचा हात सापडत नाही. जुना फोटो असेल तर त्याच्या मागे नाव, ठिकाण आणि वर्ष लिहून ठेवा. मात्र फोटोच्या किंवा मापाच्या नादात चालू रुळांवर कोणी जाऊ नये. ते जिवावरचे आहे आणि कायद्याने गुन्हाही आहे.

अशी वही एखाद्या छंदिष्टाच्या हाती पडली, तर त्यावरून तो नऊ इंचांचा खेकडा करील. आणि नाही पडली, तरी आपला आजा मुंबईत नेमके काय करीत होता, हे नातवंडांना ठाऊक होईल.